दख्खनचा शेजार: तह, सोयरिकी आणि सोलापूरचा किल्ला

छत्रपती संभाजीनगर मध्यभागी धरून नकाशावर दीडशे किलोमीटरचे वर्तुळ काढावे. पश्चिमेला वैजापूर तालुक्यात पालखेड सापडेल, पूर्वेला जालना जिल्ह्यात रोशनगाव आणि असई, दक्षिणेला गोदाकाठी मुंगी आणि राक्षसभुवन, नगरच्या बाजूला भातवडी आणि खर्डा. दौलताबाद तर शहराला खेटूनच आहे. यादवांपासून इंग्रजांपर्यंतच्या पाचशे वर्षांत दक्षिणेतल्या शेजारी राज्यांचे जे काही बनले-बिघडले, त्यातला मोठा भाग या वर्तुळात उरकला गेला. लढाई कोणी जिंकली हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण लढाईनंतर जो तह झाला त्यात कलमे कोणती होती आणि ती किती वर्षे पाळली गेली, असे विचारले तर जाणकारही घुटमळतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तह म्हणजे लढाईच्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद.

इथे त्या शेवटच्या परिच्छेदाकडेच पाहायचे आहे. ज्यांची सरहद्द एक, नद्या त्याच, बाजारपेठ सामाईक, दुष्काळही एकाच वर्षी पडणारा, पुष्कळदा चाकरीतली सरदार घराणीही तीच, अशा राज्यांना एकमेकांशी नीट का वागता आले नाही? आणि जेव्हा जमले तेव्हा कशाच्या बळावर जमले? भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांच्याबद्दल हाच प्रश्न आज विचारला जातो आणि उत्तरादाखल युरोपीय महासंघाचे किंवा आसियानचे उदाहरण पुढे केले जाते. घरचे उदाहरण मात्र कोणी काढत नाही.

साधनांची वाण नाही. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या आणि नंतर विजापूरच्या दरबारात होता. एकाच तंट्याच्या दोन्ही बाजू त्याच्या कानावर आलेल्या. मात्र लिहिले ते विजापूरच्या आश्रयाने, हे वाचताना विसरू नये. जहांगीर बादशहाच्या आठवणींत मलिक अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचितच येते. मराठीत सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी कागदांचे दार आपल्याला उघडून दिले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी निजाम-पेशवे संबंधांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. इंग्रजीत शेरवानी आणि जोशी यांनी संपादित केलेला मध्ययुगीन दख्खनचा इतिहास, राधेश्याम यांचे अंबरचे चरित्र, अलीकडे रिचर्ड ईटन यांचे लेखन. सगळे मोलाचे. पण भर राजा, दरबार आणि मोहीम यांवर. शेजाऱ्याशी वागण्याची रीत म्हणून या सगळ्याकडे सलग पाहिलेले कमीच.

सुरुवात देवगिरीपासून करावी लागते, आणि ती फार अभिमानाची नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी रामचंद्रदेव यादवावर चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. वरंगळचे काकतीय आणि द्वारसमुद्राचे होयसळ हे दोन बलाढ्य शेजारी. त्यांच्याशी यादवांच्या कुरापती पिढ्यानपिढ्या चाललेल्या. मदतीला कोण धावणार? पुढचे त्याहून बोलके आहे. १३०९ मध्ये मलिक काफूर वरंगळवर निघाला तेव्हा त्याची सोय देवगिरीने केली. त्यानंतर तो द्वारसमुद्राकडे वळला तेव्हाही देवगिरीनेच. होयसळ बल्लाळ शरण आल्यावर त्याने काफूरला मदुरेची वाट दाखवली. रामचंद्रदेव मांडलिक झालेला होता, नाही म्हणण्याची त्याला सोय नव्हती, हे मान्य. तरीही तीन राज्ये एकामागून एक पडली आणि प्रत्येकाने पडताना पुढच्याचा पत्ता सांगितला, ही गोष्ट उरतेच.

बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या तेव्हा शेजारधर्माचा खरा कस लागला. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या मध्ये सोलापूर, परांडा, नळदुर्ग असे किल्ले होते. त्यातले सोलापूर म्हणजे दोघांच्या घशात अडकलेले हाड. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचे लग्न विजापूरच्या मरियमशी झाले, भेट सोलापूरलाच ठरली. हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचे कबूल केले होते, असे नगरकरांचे म्हणणे. आमच्या सुलतानाने असे कबूल केलेच नव्हते, असे विजापूरकरांचे. बोली झाली ती तोंडी, मध्यस्थामार्फत. त्या एका बोलीवरून पुढची चाळीस वर्षे लढाया झाल्या.

या भांडणात विजयनगरच्या रामरायाने तागडीतल्या वजनाची जागा घेतली. कधी या पारड्यात, कधी त्या. १५५८ मध्ये विजापूर, गोवळकोंडा आणि विजयनगर मिळून अहमदनगरवर आले. फिरिश्त्याने पुढच्या तहाच्या वेळची एक हकिकत दिली आहे. हुसेन निजामशहा रामरायाच्या छावणीत गेला. रामरायाने त्याचा हात हातात घेतला. हुसेनने लगेच पाणी मागवून हात धुतले. रामरायाने ते पाहिले, कानडीत काही कडक शब्द बोलला आणि स्वतःसाठीही पाणी मागवून हात धुतले. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. पण ज्या तहाच्या वेळी दोन्ही बाजू एकमेकांच्या देखत हात धुतात तो तह किती टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेवटी रामरायाच्या धास्तीनेच सुलतान एकत्र आले. १५६४ मध्ये सोयरिकी झाल्या. हुसेनची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूर दिले. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला दिली. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहाही हुसेनचा जावईच. २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षस-तंगडी येथे, ज्याला आपण तालिकोट म्हणतो तिथे, विजयनगरचा पाडाव झाला. काही वर्षांतच विजापूरच्या किश्वरखानाने निजामशाहीच्या हद्दीत शिरून बीडकडे धारूरचा किल्ला उभा केला आणि मुर्तझाला मेहुण्याच्या सरदाराला मारण्यासाठी फौज काढावी लागली. धास्ती संपली, आघाडी संपली. रामराया नसताना सरहद्दीचे तंटे कोणी मिटवायचे, हे लग्नाच्या मांडवात कोणी ठरवलेच नव्हते.

यानंतरचे दोन प्रयोग मात्र वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. १५७०-७१ मध्ये अली आदिलशहाने गोव्याला, मुर्तझा निजामशहाने चौलला आणि कालिकतच्या झामोरीनने चालियमला वेढा घातला. तिघांनी मिळून एकाच वेळी पोर्तुगीजांना समुद्रात ढकलायचे, असा बेत. चालियम पडले, गोवा आणि चौल टिकले. प्रत्येकाने आपापला वेढा आपापल्या परीने लढवला. पोर्तुगीजांना समुद्रावरून एका ठाण्याची कुमक दुसरीकडे नेता येत होती. या तिघांना तशी सोयच नव्हती. दुसरा प्रयोग १५७३-७४ चा. नगरने वऱ्हाड घ्यावे, विजापूरने त्याच्या मोबदल्यात दक्षिणेकडे कर्नाटकात हात मारावा आणि एकमेकांच्या आड येऊ नये, असे ठरले. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही बुडाली. हा करार जमला, कारण त्यात वाटणी स्पष्ट होती. फक्त ती तिसऱ्याच्या जिवावर होती.

आता मलिक अंबर. संभाजीनगरात बसून या विषयावर लिहिणाऱ्याने त्याच्यापाशी थांबलेच पाहिजे. आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडून गुलाम म्हणून आलेला हा माणूस. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर त्याने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला, आणि १६१० मध्ये खडकी वसवली. तेच हे शहर. नहरीचे पाणी, भडकल दरवाजा ही त्याची ओळख आपण मिरवतो. पण सव्वीस वर्षे मोगलांना थोपवण्यामागे गनिमी काव्याइतकाच शेजाऱ्यांशी केलेल्या बोलण्यांचा वाटा होता, हे फारसे सांगितले जात नाही.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा हा त्याचा खरा आधार. अंबरने त्याच्याकडे कंधारचा किल्ला मागितला, कुटुंब आणि खजिना सुरक्षित ठेवायला. इब्राहिमने दिला. वर दहा हजार घोडदळाची मदत. अंबरच्या मुलाची सोयरीक विजापूरच्या एका हबशी सरदाराच्या घरी झाली. इब्राहिमचा हिशेब सरळ होता: नगर उभे आहे तोवर मोगल विजापूरच्या वेशीवर येत नाहीत. गोवळकोंड्याचाही हिशेब तोच, फक्त तो फौजेऐवजी बहुधा पैशाने चुकता व्हायचा. १६१६ मध्ये रोशनगावला अंबर हरला. काही मराठे सरदार आधीच मोगलांकडे गेले होते. मोगलांनी खडकी लुटून जाळली. पुढच्या वर्षी तह झाला तो आदिलशहाच्या मध्यस्थीने, आणि मध्यस्थीचे बक्षीस म्हणून जहांगीराने आदिलशहाला ‘फर्जंद’ म्हणजे पुत्र ही पदवी दिली. १६२१ च्या तहात पन्नास लाखांची खंडणी ठरली तिची फोड बघण्यासारखी आहे: निजामशाहीने बारा लाख, आदिलशाहीने अठरा, कुतुबशाहीने वीस. लढला अंबर, आणि सर्वांत कमी भरणा त्याचा. त्यांच्यात सामाईक खर्च वाटून घेण्याची काही समज होती, असा याचा अर्थ घेता येतो. मोगलांनी ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याकडून तो काढला, असाही घेता येतो. मला दुसरा जास्त पटतो.

ही मैत्री कशाने तुटली? दोघांनीही स्वतंत्रपणे मोगलांशी संधान बांधायचा प्रयत्न केला. १६२३-२४ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाकडे अंबरचेही वकील गेले आणि आदिलशहाचेही. महाबतखानाने विजापूरला पसंती दिली. मग मोगल आणि विजापूर एका बाजूला, अंबर एकटा. त्याने गोवळकोंड्याशी जुना करार ताजा करून घेतला आणि १६२४ मध्ये भातवडीला दोन्ही फौजांना गाठले. तळ्याचा बांध फोडून त्याने रान चिखलमय केले, शत्रूची घोडी आणि गाडे रुतले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने होते, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. दख्खनच्या युद्धशास्त्रातला हा देखणा विजय.

आणि पुढची चूकही इथूनच. अंबरने विजापूरपर्यंत जाऊन इब्राहिमने हौसेने वसवलेले नौरसपूर उद्ध्वस्त केले, परतीच्या वाटेवर १६२५ मध्ये काय घेतले? सोलापूर. ज्या शेजाऱ्याने वीस वर्षे पाठ राखली, त्याची एकदा झालेली चूक भातवडीला फेडून झाली होती. नौरसपूर जाळून मोगलांच्या वाटेत एकही अडथळा वाढला नाही. १६२६ मध्ये अंबर गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. पुढच्या वर्षी इब्राहिमही गेला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. अबुल हसन या चित्रकाराने काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे: जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला. बादशहाला जे जिवंतपणी जमले नाही ते अंबरपश्चात शेजाऱ्यांच्या भांडणाने करून दिले.

शहाजीराजांनी निजामशाहीचा एक मुलगा गादीवर बसवून तीन वर्षे तग धरला. त्यांनाही विजापुरातल्या एका गटाचा पाठिंबा होता. तो गट दरबारी कत्तलीत संपला तसा पाठिंबाही संपला. १६३६ मध्ये शाहजहानने मुहम्मद आदिलशहाबरोबर निजामशाही वाटून घेतली. विजापूरला कोकण, पुणे, परांडा आणि सोलापूर. दोन्ही बाजूंना हा तह उपयोगी पडला, वीस वर्षे शांतता राहिली, विजापूर आणि गोवळकोंडा दक्षिणेत पसरले. परंतु त्यातले एक कलम असे की विजापूरने गोवळकोंड्याच्या हद्दीला धक्का लावू नये आणि वाद झाला तर बादशहाचा निवाडा मानावा. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात पंच म्हणून जो बसला, तोच पन्नास वर्षांत दोघांना गिळून गेला: १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा. एकमेकांवर विश्वास नसलेले शेजारी बाहेरचा पंच शोधतात, हे तेव्हाही होते आणि आजही आहे. पंचाचे आपले गणित असते.

शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. १६७७ मध्ये ते भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले आणि अबुल हसन कुतुबशहाशी करार केला. मध्ये कुतुबशहाचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा हे बंधू. कुतुबशहाने वर्षाला एक लाख होन द्यावेत, मोहिमेला पैसा आणि तोफखाना द्यावा. महाराजांनी कर्नाटकात जिंकलेल्यातला, शहाजीराजांच्या मुलखाखेरीजचा, वाटा कुतुबशहाला द्यावा. प्रल्हाद निराजी मराठ्यांचे वकील म्हणून तिथे राहावेत. त्याच सुमारास मालोजी घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात महाराजांनी दक्षिणची पातशाही दक्षिणींच्या हाती राहावी, असा विचार मांडला आणि भोसले-घोरपडे हे जुने वैर मागे टाकण्याची विनंती केली. विचार म्हणून दख्खनच्या इतिहासात याच्या तोडीचे दुसरे पत्र नाही. व्यवहारात जिंजी जिंकली गेली आणि कुतुबशहाच्या पदरात कबूल केलेला वाटा पडला नाही. हे लिहिताना आपल्या हाताला जरा जड वाटते, पण आढावा घ्यायचा तर दोन्ही लिहिले पाहिजे. पुढे मोगल सरदार दिलेरखानाने विजापूरला वेढा घातला तेव्हा महाराजांनी विजापूरला मदत केली, मोगलांचे लक्ष वळवण्यासाठी नोव्हेंबर १६७९ मध्ये जालना लुटले आणि परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठल्यावर बहिर्जीने दाखवलेल्या आडवाटेने पट्ट्याच्या किल्ल्यावर पोहोचले. ज्या विजापूरशी हयातभर लढले त्याच्यासाठी त्यांनी हा धोका पत्करला.

अठराव्या शतकात शेजारी दोनच उरले: निजाम आणि पेशवे. त्यांचे नाते चमत्कारिक. एकाच गावात निजामाचा अंमलदारही वसूल करी आणि मराठ्यांचा कमाविसदारही चौथाई मागे. रयतेने दोघांना तोंड द्यायचे. दुअंमली म्हणत ते हेच. बाजीराव आणि निजामुल्मुल्क प्रत्यक्ष भेटत, गोड बोलत आणि लगेच पाठीमागे डाव टाकीत. १७२७ मध्ये निजामाने चौथाई अडवली. कारण मोठे सोज्वळ दिले: छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत पैसे कोणाला द्यायचे? शेजाऱ्याच्या घरातल्या भाऊबंदकीत पंच होऊन बसण्याची ही चाल जुनीच. बाजीराव खानदेश, गुजरात असा फिरला, निजाम पुण्यात शिरला, आणि परत फिरताना जड तोफा मागे टाकून पालखेडजवळ आला. तिथे मराठ्यांनी त्याला पाण्यापासून आणि धान्यापासून तोडले. फेब्रुवारी १७२८. लढाई म्हणावी तर फार रक्त सांडले नाही. पाणी तुटलेल्या छावणीतून तहाचा निरोप आला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. बाजीरावाने मुलूख मागितला नाही. शाहू हेच छत्रपती हे मान्य करा, चौथाई-सरदेशमुखी सुरू करा, काढलेले मराठी अंमलदार पुन्हा बसवा, संभाजीराजांना परत पाठवा. हरलेल्याला निजाम म्हणून जगता येईल इतकी जागा ठेवलेला हा तह आहे. मला तो भातवडीनंतरच्या अंबरच्या वागण्यापेक्षा शंभर पटीने शहाणा वाटतो. चार वर्षांनी रोहे रामेश्वरला दोघांची पुन्हा भेट झाली: मराठे उत्तरेत गेले तर निजामाने आड येऊ नये, मराठ्यांनी निजामाच्या दख्खनला हात लावू नये.

याच काळातला एक तह आणखी वाखाणण्याजोगा, तोही घरातला. १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह, सातारा आणि कोल्हापूर यांच्यात. वारणा नदी ही हद्द. कोणता किल्ला, कोणते ठाणे कोणाकडे, हे नावानिशी. त्याहून महत्त्वाचे असे की एकाच्या चाकरीतून फुटलेला माणूस दुसऱ्याने ठेवून घेऊ नये आणि एकाचा वैरी तो दुसऱ्याचा वैरी. फितुरीची वाटच बंद केली. पुढे कोल्हापूर आणि पटवर्धन यांचे तंटे झाले ते वेगळे. पण या दोन गाद्या एकमेकींवर पुन्हा मोठ्या युद्धात उतरल्या नाहीत.

निजाम आणि पेशवे मात्र पुन्हा पुन्हा उतरले. १७६० ला उदगीर, १७६३ ला राक्षसभुवन. त्या वेळचा तह तर औरंगाबादेतच ठरला. आणि १७८० च्या आसपास नाना फडणविसांच्या खटपटीने इंग्रजांविरुद्ध सर्वांची मोठी आघाडी उभी राहिली. हैदरअलीने कर्नाटकात, निजामाने उत्तर सरकारांत, नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर, पेशव्यांनी मुंबई-गुजरातेकडे. कागदावर याहून चांगली योजना दक्षिणेत कधी झाली नाही. इंग्रजांनी निजामाला गुंटूर परत दिले, तो गप्प बसला. भोसल्यांची फौज ओरिसात रेंगाळली आणि पैसे घेऊन थंडावली. हैदर खरोखर लढला. मराठ्यांनी १७८२ मध्ये सालबाईला वेगळा तह केला तेव्हा हैदर अजून रणात होता. चौघांत एकच अट असायला हवी होती, कोणी एकट्याने तह करायचा नाही. आणि ती मोडल्यास काय, हेही. पुढचे पटकन सांगून टाकतो. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला, दौलताबाद आणि कोट्यवधी रुपये देणे कबूल केले. त्याच साली सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ झाला आणि त्या घोळात मदत मिळवण्यासाठी खर्ड्याची कमाई निजामाला परत करण्यात आली. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, १८०२ अखेर वसईला दुसऱ्या बाजीरावाने घेतली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. दख्खनचा शेजार तिथे संपला. पुढे फक्त रेसिडेंट.

सरहद्द मात्र उरली. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी निजामाचा मुलूख म्हणजे ‘मोगलाई’. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, त्याच्या जवळजवळ चहूबाजूंना मोगलाई. वेशीवर करोडगिरीचा नाका, मालावर शेकडा पाच जकात. कंपनीबरोबरच्या १८०२ च्या व्यापारी कराराची ती देणगी. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदाराला सुमारे एकशे सोळा हाली मोजायचे. एकाच घरातल्या दोन भावांचे बाजार दोन नाण्यांत. स्वातंत्र्यानंतर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्याने फक्त वेळ मिळाला. सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले, रझाकारांचे अत्याचार झाले आणि १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या.

आता आजचा शेजार. सार्क ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्थापन झाली. तिच्या सनदेतच आहे की निर्णय एकमताने व्हावेत आणि दोन देशांतले वादग्रस्त प्रश्न इथे काढू नयेत. म्हणजे प्रत्येकाने आपापले सोलापूर दाराबाहेर ठेवून आत बसायचे. आत बसणे त्यामुळे सोपे झाले, पण आत करण्यासारखे काही राहिले नाही. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद भरलेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली. याच्या उलट जिथे आकडा आणि तारीख घातली तिथे काम झाले. २०१५ मध्ये भारत आणि बांगलादेशाने एकमेकांच्या पोटात अडकलेले एकशे बासष्ट भूखंड बदलून घेतले. गंगेच्या पाण्याचा १९९६ चा करार दहा-दहा दिवसांच्या हिशेबावर चालतो. त्याची मुदत तीस वर्षांची, डिसेंबर २०२६ पर्यंत. सिंधूचा १९६० चा करार तीन युद्धांतून वाचला, कारण दोन्ही बाजूंचे आयुक्त ठरलेल्या वेळी भेटत राहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. कलमे कितीही रेखीव असोत, शेजाऱ्याच्या घरातून बंदुका येत राहिल्या तर कोणताही आयुक्त ते सावरू शकत नाही, हेही इथे नोंदवून ठेवावे.

आणि आपली गोदावरी. हिच्या काठावर आपण नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा तंटा एकाच राज्यात राहून करतो; जायकवाडीत १५ ऑक्टोबरला पासष्ट टक्के पाणी असावे, हे सांगायला मेंढेगिरी समिती नेमावी लागली. राज्याबाहेरच्या शेजाऱ्याशी मात्र आपले त्यापेक्षा बरे जमले आहे. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात ठरले की पैठणच्या धरणापर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे, आणि तिथून खाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी साठ टीएमसीच्या वर जाऊ नये. बच्छावत लवादाने १९८० च्या निवाड्यात हे घेतले. धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा बांधला तेव्हा आंध्रने हरकत घेतली, मोर्चे निघाले, आमदारांना अटक झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने २.७४ टीएमसीच्या या बंधाऱ्यासाठी तीन जणांची समिती नेमली: एक केंद्रीय जल आयोगाचा, एक महाराष्ट्राचा, एक आंध्रचा; आता त्या जागी तेलंगण आहे. साठा एवढासा, पण त्यात कोणी कधी काय करायचे हे सगळे लिहिलेले आहे. अंबर आणि इब्राहिम यांना सोलापूरबाबत एवढे करता आले असते तर खडकीचे नाव कदाचित खडकीच राहिले असते.

दरवर्षी १ जुलैला बाभळीचे दरवाजे वर जातात, २९ ऑक्टोबरला खाली येतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणाकडे सोडले जाते.